दळणाचा डबा न मावणारी स्कूटर

२०२५ च्या गुढीपाडव्याला घरी आणलेल्या स्कूटरच्या मीटरवर आता १२,४०० किलोमीटर झाले आहेत आणि त्यांतले जवळजवळ सगळे ठाण्यातले वाघबीळ ते नवी मुंबईतले महापे या एकाच वाटेवरचे आहेत. घोडबंदर रस्त्याने माजिवडा, तिथून साकेतवरून कळवा पूल, मग विटावा, दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली आणि शेवटी महाप्याची एमआयडीसी, असा एका बाजूने साधारण २३ किलोमीटरचा हा प्रवास आठवड्यातून पाच दिवस होतो. स्कूटर १६० सीसीच्या गटातली, लिक्विड कूल्ड म्हणजे द्रवाने थंड होणाऱ्या इंजिनाची, मोठ्या चाकांची, रुंद हँडलची आणि जाहिरातीत नेहमी एखाद्या डोंगरकड्यावर उभी असलेली, म्हणजे कंपन्या जिला ‘अ‍ॅडव्हेंचर मॅक्सी स्कूटर’ म्हणतात त्या जातीची आहे. तिच्या कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढे ज्या तक्रारी येतील त्यांतल्या बऱ्याचशा कंपनीच्या नसून या घडणीच्याच आहेत, आणि ज्या खरोखर सर्व्हिस सेंटरच्या आहेत त्या एकट्याच्या अनुभवावरून कोणाच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही.

ही जात मुळात आपल्याकडची नव्हे. होंडाने २०१७ मध्ये युरोपात ७४५ सीसीची एक्स-एडीव्ही विक्रीला आणली. ड्युअल क्लच म्हणजे दोन क्लचांनी आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स असलेली ती गाडी म्हणजे खरे तर स्कूटरचा अंगरखा घातलेली मोटारसायकल होती. २०१९ मध्ये त्याच रूपाची १५० सीसीची धाकटी बहीण इंडोनेशियात आली आणि हे सोंग रोजच्या वापराच्या आवाक्यात आले. आपल्याकडे यामाहाची एरॉक्स १५५ सप्टेंबर २०२१ मध्ये आली, पण तिचा तोंडवळा शर्यतीचा होता. अ‍ॅडव्हेंचरचा मुखवटा लावून हीरोची झूम १६० जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या भारत मोबिलिटी प्रदर्शनात बाजारात उतरली. जुन्या वाचकांना आठवत असेल, पुण्याच्या कायनेटिकने २००६ मध्येच ब्लेझ नावाची १६५ सीसीची दांडगी स्कूटर काढून पाहिली होती. बिनगिअरची, बटण दाबताच सुरू होणारी स्कूटर मध्यमवर्गीय दारात आणून उभी करणाऱ्या त्या कंपनीला ब्लेझने मात्र यश दिले नाही. त्या वेळी घरातली दुचाकी सगळ्या घराची असे आणि एवढे अंगापिंडाचे धूड एकट्याच्या हौसेसाठी घेणारा माणूस विरळा होता. मी तो विरळा माणूस वीस वर्षांनी झालो, एवढाच काय तो फरक.

लोकलने का जात नाही, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडली की घणसोलीला पोहोचायला फार वेळ लागत नाही हे खरेच आहे. वेळ जातो तो वाघबीळहून ठाणे स्टेशन गाठण्यात आणि घणसोलीला उतरल्यावर शेअर रिक्षाच्या रांगेत. मेट्रो ४ चे खांब गेली कित्येक वर्षे माझ्या खिडकीसमोर वाढत आहेत, पण तिच्यात बसून मला महाप्याला जाता येणार नाही. तेव्हा दुचाकी ठरलेलीच होती. प्रश्न एवढाच होता की आधीची ११० सीसीची, नऊ वर्षे इमानेइतबारे राबलेली स्कूटर बदलून पुन्हा तशीच घ्यायची की पाठीच्या डॉक्टरांचे ऐकायचे. डॉक्टरांनी ‘दुचाकी बंद करा’ असे सांगितले होते. त्यातले शेवटचे दोन शब्द सोडून देऊन मी चाक मोठे असलेली दुचाकी शोधायला लागलो.

चाकापासूनच सुरुवात करतो, कारण या गाडीचा सगळा अर्थ चाकात आहे. बहुतेक घरगुती स्कूटरचे मागचे चाक दहा इंचांचे असते आणि पुढचे दहा किंवा बारा इंचांचे. चाक जितके लहान तितके ते खड्ड्यात अधिक खोल उतरते आणि खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर अधिक उभ्या कोनात जाऊन धडकते. तो धक्का मग हँडलमधून मनगटात आणि सीटमधून मणक्यात जातो. तेरा-चौदा इंची चाक त्याच खड्ड्यावरून बरेचसे वरच्यावर निघून जाते. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोचे काम, सेवारस्ते मुख्य रस्त्यात मिसळण्याचे काम, त्यासाठी उखडलेले पेव्हर ब्लॉक, अर्धवट उंचावर राहिलेली गटारांची झाकणे आणि खोदलेल्या चरांवर टाकलेल्या लोखंडी प्लेटा हे सगळे एका किलोमीटरच्या आत भेटते. त्या पट्ट्यात ताशी तीस-पस्तीस किलोमीटरच्या वेगाने जाताना जुन्या आणि नव्या गाडीत जो फरक जाणवतो तो मी कुठल्याही मोकळ्या रस्त्यावरच्या वेगाशी बदलणार नाही. पूर्वी माझी नजर सतत पुढच्या चाकाच्या दोन हात पुढे जमिनीवर खिळलेली असे. आता ती समोरच्या बसच्या ब्रेकलाइटवर असते, आणि सुरक्षितता म्हणतात ती मला तरी यात जास्त दिसली.

जुलैमधल्या एका सकाळचा प्रसंग सांगतो. मानपाड्याच्या अलीकडे रस्त्यावर घोटाभर पाणी होते, माझ्यापुढचा टेम्पो एकदम उजवीकडे सरकला आणि तो का सरकला हे मला पुढचे चाक खाली गेल्यावरच समजले. हँडलला डावीकडे जोराचा हिसका बसला, डावा पाय आपोआप टेकण्यासाठी निघाला, पण पाय जमिनीला लागण्याआधीच चाक पलीकडच्या काठावर चढून आले आणि गाडी सरळ चालू लागली. जुन्या स्कूटरवर मी त्या दिवशी त्या पाण्यात बसलेला सापडलो असतो. मात्र त्या खड्ड्याने आपला वाटा वसूल केलाच. मागचे चाक इतक्या जोरात आदळले की डिकीतल्या जेवणाच्या डब्याचे झाकण निघाले आणि ऑफिसात जाऊन पाहतो तो आमटी रेनकोटच्या घड्यांत नीट मुरलेली. त्या रेनकोटला पुढे दोन दिवस फोडणीचा वास येत होता.

पुढचे चाक सुखाने जाते आणि मागचे आदळते, याला कारण आहे. मोटारसायकलीचे इंजिन चौकटीत पक्के बसवलेले असते. स्कूटरचे इंजिन, बेल्टचा सगळा डबा आणि मागचे चाक हे मिळून एकच गाठोडे असते आणि प्रत्येक खड्ड्याला ते अख्खे वर-खाली होते. इतके वजन चाकाबरोबर हलत असल्यावर मागचे दोन शॉक अ‍ॅब्सॉर्बर कितीही चांगले असले तरी त्यांना एका मर्यादेपलीकडे काही करता येत नाही. त्यातून कंपन्या मागची स्प्रिंग दोन माणसांचे वजन धरून ताठ ठेवतात आणि एकटा माणूस बसला की ती हलतसुद्धा नाही. मी स्प्रिंग सगळ्यात मऊ खाचेवर आणून ठेवली आहे आणि हवा सर्व्हिस सेंटरवाल्यांच्या हौसेने नव्हे, तर मॅन्युअलमध्ये एकट्याने चालवण्यासाठी दिलेल्या आकड्याएवढीच भरतो. पंपावरचा मुलगा विचारल्याशिवाय चाळीस भरतो, त्याला दर वेळी थांबवावे लागते. या दोन गोष्टींनी मागच्या आदळण्यात निम्मा फरक पडला. उरलेला निम्मा या जातीबरोबर आला आहे आणि तो जाणार नाही. पाठीचे म्हणाल, तर कंबरेतली कळ सोमवार ते बुधवार गायब झाली आहे. गुरुवार-शुक्रवारी ती हजेरी लावून जाते.

गिअर नसण्याचे सुख कापूरबावडीच्या चौकात कळते. सकाळी साडेआठला तिथे गाडी चालत नाही, सरपटते: दहा फूट पुढे, मग थांबा, पुन्हा दहा फूट. माझ्या ऑफिसातले दोघेजण याच वाटेवर १५० सीसीच्या गिअरच्या मोटारसायकली चालवतात आणि दोघांच्याही डाव्या मनगटाला क्लचची पट्टी बांधलेली असते. माझ्या गाडीत गिअरच्या जागी सीव्हीटी आहे, म्हणजे बेल्ट आणि दोन पुल्यांचा खेळ. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर ढकलले जातात, पुली आवळते, बेल्ट वर चढतो आणि गिअर बदलल्यासारखे आपोआप घडते. मागे केंद्रोत्सारी क्लच असतो, तो ठरावीक वेगाला पकडतो आणि वेग कमी झाला की सोडून देतो. या सोडून देण्यातच नव्या माणसाची फसगत होते. ताशी दहा-बारा किलोमीटरच्या खाली आले की इंजिनाची ओढ संपते आणि गाडी सायकलसारखी मोकळी घरंगळू लागते. १४० किलोंच्या आसपासची गाडी ओल्या उतारावर अशी अचानक मोकळी झाली की पहिल्या महिन्यात पोटात गोळा येत असे. त्यावर उपाय म्हणजे मागचा ब्रेक हलकाच धरून ठेवायचा आणि अ‍ॅक्सिलरेटर किंचित दिलेला ठेवायचा. क्लच सुटत नाही आणि गाडी मुंगीच्या पावलांनी पण ताब्यात चालते. ही युक्ती एकदा हाताला बसली की दोन बसांच्या मधल्या फटीत पाय न टेकता जाता येते. उलट चढावर गाडी ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरण्याची सवय पुष्कळांना असते, गायमुखच्या घाटात तर दर दुसरा स्कूटरवाला तेच करताना दिसतो. त्याने क्लचचे शू, म्हणजे घासून पकड घेणारे तुकडे, जळून चकचकीत होतात आणि मग गाडी निघताना थरथरते. माझी आतापर्यंत थरथरलेली नाही.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर लागल्यावर गाडीचा दुसरा स्वभाव दिसतो. तिथे डाव्या बाजूला एमआयडीसीच्या फाट्यांवरून येणारे कंटेनर, उजव्या बाजूला घाईतल्या कंपनीच्या बसा आणि मध्ये आपण. ताशी साठवरून ऐंशीला जायला जुन्या गाडीला आधी अर्ज करावा लागे. ही मनगट वळवताच जाते आणि कंटेनरच्या मागच्या चाकांजवळ रेंगाळण्याचा तो नकोसा वेळ निम्म्याने कमी होतो. दिघ्याजवळ एका रिक्षावाल्याने हात दाखवणाऱ्या बाईंसाठी भर पावसात जागच्या जागी रिक्षा उभी केली, तेव्हा पुढच्या ब्रेकची मूठ बोटांखाली टकटक करताना मला पहिल्यांदा जाणवली. १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी व्यवस्था, सक्तीचे आहे आणि त्या खालच्यांना पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लावणारी साधी व्यवस्था चालते. जुन्या आणि नव्या गाडीतला हा फरक मी घेताना हिशेबात धरलाच नव्हता. एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे, मागचे चाक घसरते ते घसरतेच, पण पुढचे सुटले नाही म्हणून मी रिक्षात शिरलो नाही. टायरांविषयी मात्र हातचे राखून बोलावे लागेल. त्यांच्यावरची चौकोनी ठोकळ्यांची नक्षी मातीत शोभते. काँक्रीटवर ती गुणगुणत राहते आणि ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवर किंवा लोखंडी प्लेटांवर तिचा काही उपयोग होत नाही. हे टायर झिजले की मी रस्त्याचे साधे टायर बसवणार आहे.

पावसाळ्याचा आणखी एक मुद्दा. विटाव्याला रेल्वेच्या पुलाखाली रस्ता खोलगट आहे आणि जोराचा पाऊस झाला की तिथे पाणी भरते, हे या वाटेवरच्या प्रत्येकाला पाठ आहे. ‘अ‍ॅडव्हेंचर’ शब्द गाडीवर लिहिलेला असल्यामुळे त्या पाण्यात घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. बेल्टच्या डब्याला थंड हवा लागते, ती आत घेण्याची वाट त्या डब्यालाच असते, आणि तिथून पाणी शिरले की बेल्ट पुलीवर घसरू लागतो. इंजिन ओरडते आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून पाणी भरल्याचे समजले की मी तीन हात नाका, कोपरी, मुलुंड असा वळसा घालून ऐरोली पुलावरून जातो. चार-पाच किलोमीटर जास्त पडतात, पण खाडीवरच्या आडव्या वाऱ्यात जुनी गाडी जशी हेलकावे खायची तशी ही खात नाही, तिचे वजन तिथे कामी येते. हिवाळ्याच्या सकाळी पुलावरून फ्लेमिंगोंचा गुलाबी पट्टा दिसतो तो वेगळाच, त्याचे श्रेय गाडीला देता येणार नाही.

तेच वजन पार्किंगमध्ये वैरी होते. साध्या ११० सीसीच्या स्कूटरचे वजन १०५-११० किलो असते. तीस-पस्तीस किलोंचा फरक चालताना जाणवत नाही, पण ठाणे स्टेशनजवळच्या वाहनतळावर, जिथे तुमच्या दोन्ही बाजूंना लोकांनी हँडलला हँडल लावून गाड्या कोंबलेल्या असतात, तिथे ही गाडी मागे ओढून काढणे म्हणजे बैल गोठ्यातून उलटा बाहेर काढण्यासारखे आहे. हँडल रुंद असल्यामुळे आरसे शेजारच्यांच्या आरशांत अडकतात. आमच्या सोसायटीच्या स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमधली फरशी गुळगुळीत आहे. तिथे ओल्या बुटांनी डबल स्टँडवर घेताना एकदा माझा पाय घसरला आणि गाडी माझ्या मांडीवर अशी काही विसावली की वॉचमनने येऊन उचलेपर्यंत मी तिला मिठी मारून उभा होतो. तेव्हापासून साइड स्टँड. उंची पाच फूट सहा इंच असलेल्या मला सिग्नलवर दोन्ही टाचा टेकवता येत नाहीत, चवडे टेकतात. सीट रुंद असल्याने पाय फाकतात आणि असलेली उंचीही थोडी कमी पडते. पाच फुटांच्या आतबाहेर असलेल्या माणसाने ही गाडी आधी शोरूमच्या बाहेर उतारावर उभी करून पाहावी.

आता दळणाच्या डब्याविषयी. आमच्याकडे दर शनिवारी सकाळी आठ किलो गहू किंवा ज्वारी गिरणीत जाते. गेली नऊ वर्षे तो स्टीलचा डबा स्कूटरच्या सपाट फुटबोर्डवर, माझ्या दोन पायांच्या मध्ये उभा राहून जात असे आणि गरम पीठ पोटऱ्यांना शेकत परत येत असे. नव्या गाडीला सपाट फुटबोर्ड नाही. सीटपासून हँडलपर्यंत मधोमध कण्यासारखा उंचवटा आहे, त्यात पेट्रोलची टाकी आहे आणि दोन्ही बाजूंना फक्त पावले ठेवण्यापुरत्या जागा आहेत. हा कणा आहे म्हणून चौकट मजबूत आहे आणि वळणावर गाडी वाकताना मागून-पुढून एकच वाटते. पण हा कणा आहे म्हणून डबा नाही, सिलिंडर नाही, जांभळी नाक्यावरून आणलेली भाजीची मोठी पिशवी नाही, वीस लिटरचा पाण्याचा जार नाही. पहिल्या शनिवारी आई डबा घेऊन खाली आली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, “अरे, हा ठेवायचा कुठे?” मी मोठ्या आत्मविश्वासाने तो मागच्या सीटवर ठेवून रबरी पट्ट्यांनी आवळला. जाताना ठीक गेले. येताना गिरणीच्या गल्लीतल्या गतिरोधकावर पट्टा सरकला, डबा कलला आणि ज्वारीच्या पिठाची एक पांढरी धार सीटवरून टेललाइटवर आणि तिथून रस्त्यावर उतरली. गिरणीवाले काका दारातून पाहत होते. “साहेब, पुढच्या वेळी जुनीच घेऊन या,” एवढेच ते बोलले.

डिकीचे आकारमान कागदावर भरपूर आहे, त्यात एक पूर्ण हेल्मेट, रेनकोट आणि डबा मावतो. पण ती खोली आडवी-उथळ आहे, त्यात पीठ, तेलाचा डबा किंवा फुलकोबी यांपैकी काहीही सुखाने बसत नाही. आईने बसण्याचा प्रयत्नही दोनदा करून सोडून दिला. तिचे वय अडुसष्ट आहे आणि ती एका बाजूला पाय सोडून बसते. साध्या स्कूटरची सीट ७६०-७७० मिलिमीटर उंचीवर असते, या जातीच्या गाड्यांची ८०० च्या घरात जाते, आणि मागची सीट त्याहून एक पायरी वर. साडी सावरत, घडीच्या पायदानावर एक पाय ठेवून तिथे चढणे तिला जमत नाही. “उंटावर बसायला शिडी लागते, तशी एक घे,” असे तिने सुचवले आहे. मुलगा मात्र मागे बसून खूश असतो, कारण त्याला तिथून सगळे दिसते.

बिनकिल्लीच्या व्यवस्थेचा एक धडा मी माजिवड्याच्या पंपावर शिकलो. किल्ली खिशात असली की गाडी बटणावर सुरू होते, आणि एकदा सुरू झाली की किल्ली दूर गेली तरी बंद पडत नाही. मीटरवर एक छोटासा दिवा लुकलुकतो आणि पिप होते, जे हेल्मेटमध्ये आणि घोडबंदर रस्त्यावर ऐकू येत नाही. त्या दिवशी गाडी सुरू करून मी रेनकोट मुलाच्या हातात दिला, कारण आभाळ उघडले होते, आणि किल्ली रेनकोटच्या खिशात गेली. पंपावर इंजिन बंद केले, पेट्रोल भरले आणि मग गाडीने मला ओळखच दिली नाही. मागच्या रांगेतल्या आठ जणांसमोर गाडी ढकलत बाजूला घेतली आणि बायको रिक्षाने किल्ली घेऊन येईपर्यंत हवा भरण्याच्या यंत्रापाशी उभा राहिलो. आता किल्ली पाकिटात असते.

खर्चाचा हिशेब थोडक्यात. गाडी ऑन रोड एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास पडली आणि नंतर सहा महिन्यांच्या आत, २२ सप्टेंबर २०२५ पासून, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. ही गोष्ट मी घरात फारशी काढत नाही. १५० सीसीची रेषा ओलांडली की विमाही वाढतो: १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा सक्तीचा थर्ड पार्टी हप्ता ७५ ते १५० सीसीसाठी ३,८५१ रुपये, तर १५० ते ३५० सीसीसाठी ७,३६५ रुपये आहे आणि त्यावर कर वेगळा. अ‍ॅव्हरेज मी दर टाकीला वहीत लिहिले आहे. वर्षाची सरासरी लिटरला ३९ येते, सुटीच्या दिवसांत रस्ते रिकामे असताना ती ४४ पर्यंत गेली होती. जुनी गाडी याच वाटेवर ४८ देत असे. लिटरला १०३ रुपये धरले तर वर्षाला सहा हजार रुपयांचा फरक पडतो, आणि पाठीच्या डॉक्टरांची फी पाहता मला तो मान्य आहे.

सर्व्हिसच्या बाबतीत मात्र माझे मत चांगले नाही. नोव्हेंबरमध्ये एका रिक्षाने पार्किंगमध्ये डाव्या अंगाचे प्लास्टिक फोडले आणि तो एक तुकडा मिळायला पाच आठवडे लागले. दर शनिवारी फोन केला की ‘माल निघाला आहे’ हे एकच उत्तर मिळे. या गाड्यांच्या अंगावर प्लास्टिकच इतके आहे की स्पार्क प्लग पाहायचा तरी चार-पाच पट्ट्या काढाव्या लागतात, त्यामुळे मानपाड्याच्या माझ्या जुन्या मिस्त्रीने हात जोडले. “साहेब, क्लिपा तुटल्या तर तुम्ही मलाच बोलाल,” असे त्याने सांगितले, आणि त्यात तथ्य आहे. कूलंटची पातळी आणि बेल्ट या दोन गोष्टींवर स्वतः लक्ष ठेवावे. बेल्ट साधारण वीस-बावीस हजार किलोमीटरच्या पुढे बदलावा लागतो आणि तो वाटेत तुटला तर ढकलण्याखेरीज दुसरा मार्ग नसतो, कारण या गाडीला किकही नाही.

डोंगरकड्यावर गेलो का, तर एकदा गेलो. कल्याण-मुरबाडवरून माळशेजला जाऊन आलो, डांबरी रस्त्याने. घाटात गाडी छान वळली, एका धाब्यामागच्या चिखलाच्या उतारावर तिची ओढ सुटून ती घरंगळली, आणि मी जाहिरातीतल्या माणसाला मनोमन नमस्कार करून परत फिरलो.

जुनी स्कूटर एक्स्चेंजमध्ये द्यायची ठरली होती, शोरूमने अठरा हजार देऊ केले होते आणि कागदही तयार होते. पिठाच्या त्या शनिवारनंतर तो विषय कोणी काढला नाही. आता स्टिल्टमध्ये दोन्ही उभ्या असतात, आणि सोसायटी दुसऱ्या दुचाकीचे महिन्याला दीडशे रुपये जास्त घेते. जुनीचे पीयूसी गेल्याच आठवड्यात नवे करून आणले. तिची बॅटरी मात्र थकली आहे; आठवडाभर उभी राहिली की बटणाने सुरू होत नाही, तेव्हा शनिवारी सकाळी आई दळणाचा डबा घेऊन उभी असते आणि मी किक मारत असतो.